शिशाने घडलेली मोटार

कारखान्यातून आलेली मोटार कापून पुन्हा घडवायची, ही हौस कॅलिफोर्नियात दुसऱ्या महायुद्धाच्याही आधीची. छपराचे खांब कापून काही इंच पत्रा कमी करायचा आणि टप पुन्हा सांधायचा. बोलायला सोपे, पण मग मागची काच बसत नाही, खरी परीक्षा तिथे. सांधे बुजवायला पॉलिएस्टरची पुट्टी १९५०च्या दशकाच्या मध्यावर आली. त्याआधी ज्योतीवर मऊ केलेले शिसे लाकडी थापीने लिंपत आणि कानशीने घासत. त्याची विषारी भुकटी घासणाऱ्याच्या फुप्फुसात जाई, हे या गाड्यांच्या कौतुकात सहसा येत नाही.

सॅम बॅरिसने १९४९ची मर्क्युरी स्वतःसाठी कापली. मग १९५२ साली बॉब हिरोहाताची मर्क्युरी बॅरिस बंधूंच्या हातून उतरली. १९४२पासून जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना अमेरिकेने छावण्यांत डांबले होते, बहुतेक कॅलिफोर्नियातलेच. दहा वर्षांत तिथेच एक जपानी आडनाव या कलेत सर्वांत मानाचे ठरले. अर्थात मान गाडीला, हेही खरे. १९५९ साली एका शाळकरी मुलाने ती ५०० डॉलरना घेतली आणि जन्मभर सांभाळली.