जेलीफिश, गोड्या पाण्यातील
समुद्रातील जेलीफिशांशी निकटचे आप्तसंबंध असलेले, पण नद्या, तळी व सरोवरे यांत राहणारे लहान, पारदर्शक व छत्रीच्या आकाराचे प्राणी. जुन्या वर्गीकरणात ज्याला आंतरगुही म्हणत, त्या निडारिया संघातील प्रवाळ, समुद्रपुष्पे, जेलीफिश इ. बहुतेक सर्व प्राणी सागरी आहेत. गोड्या पाण्यात राहू शकणाऱ्या त्यांच्या जाती फारच थोड्या असून त्यांत हायड्रा हा सर्वांत परिचित आहे. खऱ्या अर्थाने जेलीफिशासारखे पोहणारे गोड्या पाण्यातील प्राणी त्याहूनही विरळ आहेत. भारतातील अशा प्राण्याचा पहिला शोध सह्याद्रीतील नद्यांच्या डोहांत लागला. तो लावणारे शंकर पुरुषोत्तम आघारकर (१८८४–१९६०) हे पुढे वनस्पतिवैज्ञानिक म्हणून व पुण्यातील महाराष्ट्र विज्ञान वर्धिनी या संस्थेचे संस्थापक-संचालक म्हणून प्रसिद्धीस आले. या प्राण्याचे शास्त्रीय नाव लिम्नॉक्निडा इंडिका असे आहे.

शरीररचना व जीवनक्रम : या प्राण्यांच्या जीवनक्रमात दोन अवस्था असतात. तळाशी चिकटून राहणाऱ्या अवस्थेला पॉलिप व पाण्यात मुक्तपणे पोहणाऱ्या अवस्थेला छत्रिक म्हणतात. पॉलिपापासून मुकुलनाने (अंकुर फुटून) छत्रिके निर्माण होतात. छत्रिके नर किंवा मादी असून त्यांच्या लैंगिक प्रजोत्पादनातून पुन्हा पॉलिप तयार होतात. लिम्नॉक्निडाच्या छत्रिकाचा व्यास सु. १ ते २ सेंमी. असतो. छत्रीच्या कडेवर अनेक बारीक संस्पर्शक असून त्यांवरील दंशकोशिकांच्या साहाय्याने तो पाण्यातील सूक्ष्म कवचधारी प्राणी पकडतो. त्याचे मुख रुंद व वर्तुळाकार असते. शरीराचा बहुतेक भाग पाण्याचाच बनलेला असल्याने स्थिर पाण्यातही तो सहजासहजी दृष्टीस पडत नाही.

गोड्या पाण्यात राहणे अशा प्राण्यास सोपे नसते. समुद्राच्या पाण्यात सु. ३·५ टक्के क्षार असतात आणि सागरी जेलीफिशाच्या शरीरातील द्रवाची क्षारता जवळजवळ तितकीच असल्याने पाण्याची देवघेव समतोल राहते. नदीच्या पाण्यात क्षार अत्यल्प असतात. त्यामुळे तर्षणाच्या क्रियेने बाहेरचे पाणी शरीरात सतत शिरू लागते. ते बाहेर टाकणे आणि आतील क्षार टिकवून धरणे हे ज्या वंशांना साधले, तेच गोड्या पाण्यात स्थिरावू शकले. लिम्नॉक्निडा ज्या ओलिंडिइडी कुलात मोडतो, त्यातील इतर बहुतेक प्रजाती सागरी आहेत. यावरून त्याचे पूर्वज समुद्रातील होते, याविषयी शंका राहत नाही.

पूर्वेतिहास : गोड्या पाण्यातील छत्रिकांचा अभ्यास १८८० मध्ये लंडन येथे सुरू झाला. तेथील रीजंट्स पार्कमधील उद्यानात मोठ्या पाणकमळांसाठी बांधलेल्या उबदार हौदात सॉवर्बी यांना ही छत्रिके आढळली. रे लँकेस्टर यांनी त्यांना क्रॅस्पेडाकुस्टा सॉवर्बी हे नाव दिले. ही जाती मूळची चीनमधील यांगत्से नदीच्या खोऱ्यातील असून पाणवनस्पतींबरोबर ती जगभर पसरली, असे मानतात. तिचा पॉलिप सु. १ मिमी. लांबीचा व संस्पर्शकहीन असतो. तो इतका निराळा दिसतो की, १८८५ मध्ये अमेरिकेत आढळला तेव्हा त्यास स्वतंत्र प्राणी समजून मायक्रोहायड्रा असे नाव देण्यात आले. दोन्ही एकाच प्राण्याच्या अवस्था असल्याचे पुढे सिद्ध झाले. एका पॉलिपापासून झालेली सर्व छत्रिके एकाच लिंगाची असल्याने एखाद्या तळ्यात केवळ नर किंवा केवळ माद्याच आढळतात.

यानंतर १८८३ मध्ये जर्मन प्राणिविज्ञ रिखार्ट बोम यांना पूर्व आफ्रिकेतील टांगानिका सरोवरात छत्रिके दिसली. १८९३ मध्ये गुंथर यांनी त्यांचे वर्णन करून लिम्नॉक्निडा ही प्रजाती स्थापिली. समुद्रापासून इतक्या दूर जेलीफिश कसा आला, या प्रश्नाला जे. ई. एस. मूर यांनी धीट उत्तर दिले. टांगानिका हे जुरासिक काळातील एका समुद्राचा अवशेष असून त्यातील छत्रिके व सागरी धाटणीचे शंख हे त्या समुद्राचे वारस होत, असे त्यांचे प्रतिपादन होते. परंतु लवकरच ही छत्रिके व्हिक्टोरिया सरोवरात व पश्चिम आफ्रिकेतील नायजर नदीतही आढळली. त्या सर्व ठिकाणी प्राचीन समुद्राचे अवशेष मानणे शक्य नव्हते आणि मूर यांचा सिद्धांत मागे पडला. तरीही लिम्नॉक्निडा ही केवळ आफ्रिकेतील प्रजाती आहे, हा समज कायम होता.

सह्याद्रीतील शोध : हा समज आघारकरांच्या शोधाने मोडला. मालवण येथे जन्मलेले आघारकर १९०९ मध्ये मुंबई विद्यापीठाची एम्. ए. पदवी घेऊन एल्फिन्स्टन महाविद्यालयात अध्यापन करीत होते आणि सवडीच्या काळात पश्चिम घाटात भटकून प्राणी व वनस्पती गोळा करीत. सातारा जिल्ह्यातील कृष्णेच्या उपनद्या कोयना व वेण्णा यांच्या खोऱ्यांत त्यांना ही छत्रिके सापडली. कलकत्त्याच्या इंडियन म्यूझीयमचे तत्कालीन अधीक्षक नेल्सन ॲनंडेल यांनी १९११ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. १९१२ मध्ये एफ्. एच्. ग्रेव्हली व आघारकर यांनी मिळून या प्राण्याच्या सवयी व प्रसार यांविषयी निबंध लिहिला.

या प्राण्याचे दर्शन ऋतूशी निगडित आहे. उन्हाळ्यात नदीची धार आटून पाणी डोहांत साठून राहते, तेव्हा छत्रिके दिसतात. मृगाचा पाऊस सुरू होऊन नद्यांना पूर आले की, ती दिसेनाशी होतात. वर्षातील थोडेच आठवडे, तेही निवडक डोहांत दिसणारा हा पारदर्शक प्राणी तोवर शास्त्रज्ञांच्या नजरेतून निसटला, यात नवल नाही. त्यासाठी नेमक्या वेळी नेमक्या डोहाशी जाणारा निरीक्षक हवा होता.

प्रसाराचा प्रश्न : समुद्राचे पाणी पूर्वी येथे होते, असे उत्तर सह्याद्रीत देता येत नाही. कोयना व वेण्णा यांची खोरी दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्टात कोरली गेली आहेत. सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर पसरलेल्या लाव्ह्यापासून तो खडक बनला. या खोऱ्यांत सागरी गाळाचे थर नाहीत. भारत व आफ्रिका यांतील सारखेपणाचा उलगडा गोंडवन या प्राचीन भूखंडाच्या आधारे करता येईल, असा एक विचार आहे. आल्फ्रेड व्हेगेनर यांनी आपली खंडविप्लवाची कल्पना जानेवारी १९१२ मध्ये, म्हणजे या शोधापाठोपाठच मांडली. परंतु भारत आफ्रिकेपासून विलग झाला तो हा लाव्हा पसरण्यापूर्वी कित्येक कोटी वर्षे आधी. तेव्हा हा वंश गोंडवनापासून येथे असेल, तर तो लाव्ह्याने न झाकलेल्या दक्षिणेकडील प्रदेशात टिकून नंतर या नव्या खोऱ्यांत आला, असे मानावे लागते. दुसरा विचार दूरप्रसाराचा आहे. क्रॅस्पेडाकुस्टाच्या सुप्तावस्था कोरड्या परिस्थितीत टिकतात आणि वनस्पती किंवा पाणपक्षी यांबरोबर दूर जाऊ शकतात. लिम्नॉक्निडा इंडिका प्रथम पूर्ववाहिनी कृष्णेच्या खोऱ्यात मिळाली, तर १९५१ मध्ये सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील प्रवाहांतूनही तिची नोंद झाली. त्या अर्थी मुख्य जलविभाजकही तिला सर्वस्वी अडवू शकलेला नाही. प्राण्याचा वंशेतिहास आणि तो राहतो त्या जागेचा इतिहास या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

आघारकरांच्या पुढील कार्यातही हाच प्रश्न दिसतो. १९१४ मध्ये कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिविज्ञानाच्या रासबिहारी घोष अध्यासनावर त्यांची नेमणूक झाली. उच्च अभ्यासासाठी ते जर्मनीस गेले असता पहिले महायुद्ध सुरू झाले व त्यांना काही काळ स्थानबद्धतेत राहावे लागले. १९१९ मध्ये बर्लिन येथे त्यांनी डॉक्टरेट मिळविली. वायव्य भारतातील शुष्क व खाऱ्या भूमीवरील वनस्पतींचा प्रसार कसा झाला व त्या मूळच्या कोठल्या, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. डोहातील प्राण्याविषयीचा प्रश्न त्यांनी असा वनस्पतींना विचारला.

पुण्यातील परंपरा : निवृत्तीनंतर आघारकर पुण्यास आले व १९४६ मध्ये महाराष्ट्र विज्ञान वर्धिनी स्थापन झाली. प्रारंभी संस्थेचे काम विधी महाविद्यालयाच्या जागेत चाले. १९६० मध्ये मृत्यू येईपर्यंत ते तिचे संचालक होते. १९९२ मध्ये तिच्या संशोधनालयास आघारकर संशोधन संस्था हे नाव देण्यात आले. लिम्नॉक्निडाचा गोड्या पाण्यातील आप्त असलेल्या हायड्राचे पुनर्जनन व विकास यांवर तेथे दीर्घकाळ संशोधन झाले असून ‘इंड-पुणे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हायड्राच्या वाणाचे वर्णन २०११ मध्ये प्रसिद्ध झाले [⟶ हायड्रा]. भारतीय प्राणिवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्रही १९५९ पासून पुण्यात आहे. ती संस्था १९१६ मध्ये स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले संचालक ॲनंडेल हेच होते.

ज्या नद्यांत हा शोध लागला, त्यांचे स्वरूप आता पुष्कळ बदलले आहे. कोयनेवर १९६० च्या दशकात व वेण्णेवर कण्हेर येथे १९८० च्या दशकात धरणे झाल्याने, उन्हाळ्यात आटून डोहांची मालिका बनणाऱ्या नदीचा मोठा भाग वर्षभर भरलेल्या जलाशयाखाली गेला. छत्रिकाचे दर्शन नदीच्या या वार्षिक चढउताराशी जोडलेले असल्याने, १९११ ते १९१३ या काळातील नोंदींना आज वेगळे महत्त्व आले आहे. धरणांपूर्वीच्या या नद्यांतील जीवसृष्टी कशी होती, हे त्यांवरून कळते आणि वरच्या अंगाच्या अबाधित प्रवाहांत पावसाळ्यापूर्वी नेमके काय शोधावयाचे, याचेही मार्गदर्शन होते.