बिनकामाची ग्रंथी

छातीच्या हाडामागची थायमस वयानुसार झिजते, म्हणून ती बिनकामाची, असं डॉक्टर कित्येक वर्षं मानत होते. अमेरिकेत तर मोठी थायमस श्वास कोंडते या समजापायी तान्ह्या बाळांच्या छातीवर क्ष-किरण सोडले. पुढे त्यातल्या काहींना थायरॉइडचा कॅन्सर झाला.

१९६१ मध्ये लंडनला जॅक मिलर यांनी उंदरांच्या नवजात पिल्लांची थायमस काढली. पिल्लं खंगून मेली. मग कळलं, ही तर टी-पेशींची शाळा! १९६५ मध्ये अँजेलो डिजॉर्ज यांनी जन्मतःच थायमस नसलेली मुलं दाखवून दिली. शाळा अर्धवट चालली, तर पेशी आपल्याच शरीरावर उलटतात. २०२१ साली अमेरिकेत थायमस नसलेल्या मुलांसाठी थायमस-ऊतीच्या रोपणाला मान्यता मिळाली.

मला मात्र राहून राहून ती क्ष-किरणांखालची बाळं दिसतात. काम कळलं नाही की बिनकामाचं, किती सहज म्हणतो ना आपण?