धारवाडचे गेज

चाकणच्या कारखान्यात मायक्रोमीटर हातात घेतला तर त्यावर एक चिकटपट्टी दिसते: कॅलिब्रेशन कधी झाले, पुढचे कधी करायचे. तारीख उलटली की क्वालिटीवाले ते गेज लाइनवरून उचलतात. त्याच कारखान्यातला एखादा कामगार शाळेत मागे पडणाऱ्या पोराला घेऊन दिव्यांग प्रमाणपत्रासाठी चाचणीला जातो, तेव्हा मानसशास्त्रज्ञाच्या टेबलावर बऱ्याचदा 'बिने-कामत' ही बुद्धिमापन चाचणी असते. त्या संचावर अशी पट्टी नसते.

तासाभराने हाती येतो तो बुद्ध्यंक. हा शब्द मला कधीच आवडला नाही. मूळ कल्पना भागाकाराची होती. १९१२ साली विल्यम स्टर्न या जर्मन मानसशास्त्रज्ञाने मुलाचे मानसिक वय त्याच्या खऱ्या वयाने भागले. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ टर्मनने बिने-चाचणीच्या १९१६ च्या स्टॅनफर्ड आवृत्तीत त्याला शंभराने गुणले. दहा वर्षांचे मूल सात वर्षांच्या मुलाइतकेच प्रश्न सोडवत असेल तर ७०. मराठीत भागाकार गळला आणि नुसता अंक उरला. त्यामुळे '६८' ऐकल्यावर बापाला क्षणभर फर्स्ट क्लास आठवला तर नवल नाही. इथे मात्र ७० च्या खाली बौद्धिक अक्षमतेची हद्द सुरू होते.

१९०५ मध्ये पॅरिसला आल्फ्रेड बिने आणि थेओडोर सिमों यांनी ही प्रश्नमालिका रचली ती वर्गात अडखळणारी मुले हेरून त्यांना वेगळे शिकवता यावे म्हणून. बुद्धी जन्मतःच ठरते, ती वाढत नाही, हे म्हणणे बिने यांना मुळीच पटत नसे. १९११ मध्ये ते गेले आणि मालिका अमेरिकेत भलत्यांच्या हाती पडली. व्हर्जिनियात कॅरी बक या तरुणीचे मानसिक वय नऊ ठरवण्यात आले. तिची सक्तीने नसबंदी करायला १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली.

मराठीत ही मालिका आली ती धारवाडमार्गे. तेव्हा धारवाड मुंबई इलाख्यात होते. व्ही. व्ही. कामत यांनी नुसते भाषांतर केले नाही. मराठी आणि कानडी बोलणाऱ्या हजारावर मुलांना प्रश्न विचारून कोणता प्रश्न कोणत्या वयाला बसतो ते नव्याने ठरवले. १९३४ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात त्यांचा लेख आला, १९४० मध्ये ऑक्सफर्डने पुस्तक काढले. परदेशी मुलांच्या मापाने आपली मुले मोजू नयेत, ही त्यांची सचोटी. पुढे पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी ही संस्था काढली आणि तीच विद्या उलट्या टोकाने वापरली: मागे पडणारी नव्हे, पुढे धावणारी मुले शोधायला.

कामतांच्या चाचणीची आज हाताशी असते ती १९६७ ची आवृत्ती. माप त्याच साली बसवले असे उदार मनाने धरले तरी अर्धशतक उलटले. जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखवले की अमेरिकेत चाचण्यांवरचे गुण दर दहा वर्षांना साधारण तीनने वाढत आले होते. शाळा, छापील चित्रे, कोडी यांची सवय वाढली की असे होते, असे काही जण मानतात. आपल्याकडचा वेग काय असेल तो असो, दिशा तीच असेल तर जुने गेज आजच्या मुलाला फुगवून दाखवते. आजच्या मुलांशी ताडले तर ज्याचा बुद्ध्यंक ६६ भरला असता त्याचा ७६ भरतो आणि मूल प्रमाणपत्राबाहेर पडते. सोबत रोजच्या वागण्या-वावरण्याचीही तपासणी होते, पण आधी बोट ठेवले जाते ते अंकावर.

उलटी चूकही होते. चाकणच्या भाड्याच्या खोलीत वाढणारे ओडिया किंवा भोजपुरी बोलणारे मूल धारवाडच्या मुलांत नव्हतेच. त्याला प्रश्न हिंदीत विचारतात, कधी मराठीत. ते गप्प बसते. उत्तर येत नाही की प्रश्नच कळला नाही, याचा रकाना गुणपत्रिकेत नाही. चाचणी घेणाऱ्या बाईंनी समासात लिहून ठेवले तरच.