मीटर परत आलं

परवा ऑफिसच्या क्रेडिट कार्डाचं बिल आलं आणि मी ते दोनदा वाचलं.

नाशिकमध्ये आमचं सॉफ्टवेअरचं दुकान आहे. मुद्दाम दुकान म्हणतोय, कारण कंपनी म्हणावं एवढं ते मोठं नाही. मला धरून पाच जण. पतसंस्था, दूध संकलन केंद्रं, दोन-तीन शाळा अशी आमची गिऱ्हाइकं. दोन वर्षांपूर्वी कोड लिहायला मदत करणाऱ्या एआय टूलचा खर्च आमच्या हिशेबात चहापाण्याच्या ओळीत मावत होता. या महिन्यात तो ऑफिसच्या भाड्याच्या वर गेला. माणसं तेवढीच, गिऱ्हाइकं तेवढीच.

"सर, मी काही जास्त वापरलं नाही हो," आमच्यातला सगळ्यात धाकटा मुलगा आपणहून म्हणाला. मी अजून काही विचारलंही नव्हतं.

चूक त्याची नव्हतीच. पण हे नेमकं काय चाललंय ते कळायला थोडं मागे जावं लागतं. म्हणजे बरंच मागे.

माझे एक काका सत्तरच्या दशकात मुंबईत प्रोग्रामिंग शिकले. तेव्हा देशात कॉम्प्युटर मोजकेच. टीआयएफआरमध्ये आपल्याच लोकांनी बांधलेला टिफरॅक १९६० साली सुरू झाला होता आणि १९६४ साली तिथे सीडीसी ३६०० हे परदेशी यंत्र आलं होतं. असं यंत्र आयात करायचं म्हणजे परकीय चलन, परवाने, सरकारी खेटे. त्यामुळे यंत्राचा प्रत्येक मिनिट मोजला जायचा आणि तो कुणाच्या तरी खात्यावर लिहिला जायचा. काका ८० रकान्यांच्या पंचकार्डांचा गठ्ठा खिडकीतून आत द्यायचे. एका कार्डावर प्रोग्रामची एक ओळ. दुसऱ्या दिवशी जाऊन प्रिंटआउट घ्यायचं. कुठे स्वल्पविराम राहिला असेल तर कागदावर फक्त चुकीची नोंद. दिवस गेला, यंत्राचा वेळ गेला, वर साहेबांचं बोलणं.

म्हणून काका आधी कागदावर पेन्सिलीने प्रोग्राम 'चालवून' बघायचे. याला ड्राय रन म्हणतात. ही सवय त्यांना शेवटपर्यंत होती. किराणा मालाच्या यादीचाही ते ड्राय रन करायचे, असं काकू म्हणायची.

हा झाला मीटरचा पहिला काळ. तो फक्त आपल्याकडेच होता असंही नाही. १९७६ च्या फेब्रुवारीत बिल गेट्सने हौशी कॉम्प्युटरवाल्यांना उद्देशून एक जाहीर पत्र लिहिलं. आमचं बेसिक फुकटात कॉपी करू नका, असा त्याचा सूर. त्याच पत्रात त्याने हिशेब दिला होता की ते बनवायला वापरलेल्या कॉम्प्युटरच्या वेळाची किंमत ४०,००० डॉलरच्या वर जाते. त्यातला बराच वेळ हार्वर्ड विद्यापीठाच्या यंत्रावरचा. थोडक्यात काय, तर विद्यापीठाचं किंवा संस्थेचं दार ज्याला उघडं, तोच प्रोग्रामर होऊ शकत होता. डोकं असून उपयोग नव्हता, खिडकीच्या आतलं कुणीतरी ओळखीचं लागायचं.

मग पर्सनल कॉम्प्युटर आला आणि मीटर बंद पडलं. यंत्र आपल्या टेबलावर, रात्रभर चालवा, कोण मोजतंय? उरली ती अवजारांची किंमत. कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारं सॉफ्टवेअर, तेव्हा शेकडो डॉलरना मिळायचं. १९८३ साली बोरलँड कंपनीने टर्बो पास्कल ४९.९५ डॉलरला काढलं आणि बाजार हलला. त्याच वर्षी रिचर्ड स्टॉलमनने जीएनयू प्रकल्प जाहीर केला. त्यातून १९८७ साली जीसीसी हा मुक्त कंपायलर आला. १९९१ साली लिनक्स आलं.

आमच्या पिढीचा प्रवेश याच दारातून झाला. इंजिनिअरिंगच्या लॅबमधला टर्बो सी चा निळा पडदा ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. आता खरं सांगायचं तर त्यातल्या किती प्रती विकत घेतलेल्या होत्या हा प्रश्न कुणी विचारत नव्हतं. लॅमिंग्टन रोडवरून येणाऱ्या सीड्यांवर अर्धा महाराष्ट्र शिकला. ते कायदेशीर नव्हतं, त्याचं समर्थनही करत नाही. पण नंतर पीसी क्वेस्ट मासिकासोबत लिनक्सची सीडी यायला लागली आणि तीच गोष्ट उजळ माथ्याने करता येऊ लागली. पुढे २००१ मध्ये एक्लिप्स, २०१५ मध्ये व्हीएस कोड. दोन्ही फुकट.

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. त्यांच्या पगारात एक जुना कॉम्प्युटर आला आणि त्यानंतर शिकण्यासाठी लागला तो फक्त वेळ. आयटीतल्या मराठी पोरांचं, विशेषतः तालुक्याच्या गावातून हिंजवडीपर्यंत पोचलेल्या पोरांचं, आपण कौतुक करतो. त्यात त्यांची मेहनत आहेच. पण त्यामागे ही एक गोष्टही होती की या धंद्यातली अवजारं तीस-चाळीस वर्षं स्वस्त होत होत फुकटावर आली होती. सुताराला रंधा विकत घ्यावा लागतो, आम्हाला तोही नाही.

उलटी चाहूल २०१५ सालीच लागली होती. जेटब्रेन्स कंपनीने आपली अवजारं एकदाच विकण्याऐवजी वर्गणीवर द्यायचं ठरवलं. प्रोग्रामर इतके भडकले की काही दिवसांतच कंपनीने तोड काढली: सलग वर्षभर पैसे भरलेत तर पुढे वर्गणी थांबवली तरी एक जुनी आवृत्ती तुमच्याकडे कायम राहील. तेव्हा आम्हाला वाटलं, जिंकलो.

आता आजच्या बिलाकडे येतो.

जून २०२२ मध्ये गिटहब कोपायलट सगळ्यांसाठी खुलं झालं. महिन्याला १० डॉलर, तेव्हाचे साधारण आठशे रुपये. कितीही वापरा. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या वॉल स्ट्रीट जर्नलने बातमी दिली की त्या वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत कंपनीला या प्रत्येक गिऱ्हाइकामागे महिन्याला सरासरी २० डॉलरहून जास्त तोटा होत होता. कंपनीशी संबंधित लोकांनी ती नाकारली. खरं-खोटं काही असो, एवढ्या स्वस्तात हे फार दिवस चालणार नाही याची शंका आम्हाला तेव्हाच यायला हवी होती.

२०२५ च्या जून ते ऑगस्टदरम्यान एकापाठोपाठ एक सगळ्यांनी हिशेब बदलले. कोपायलटने १८ जूनपासून १० डॉलरच्या योजनेत चांगल्या मॉडेलसाठी महिन्याला ३०० विनंत्या अशी मर्यादा लागू केली. त्यापुढे प्रत्येक विनंतीला ४ सेंट. कर्सरने २० डॉलरमध्ये ५०० विनंत्या हा सरळ हिशेब सोडून २० डॉलर किमतीचा वापर असा हिशेब आणला. लोकांना अचानक जादा बिलं आली, बोंब झाली, आणि ४ जुलैला कंपनीने माफी मागून पैसे परत द्यायची तयारी दाखवली. अँथ्रोपिकने क्लॉड कोडसाठी ऑगस्टअखेरपासून आठवड्याची मर्यादा आणली. १०० आणि २०० डॉलरच्या मासिक योजना आता रुळल्यात.

मासिक पास काढून एसटीत बसलेल्या माणसाला अर्ध्या रस्त्यात उतरवून रिक्षात बसवावं, तसं झालं.

यात कंपन्यांची लबाडीच आहे असं मला म्हणायचं नाही. कंपायलर आणि हे टूल यांत मुळातच फरक आहे. कंपायलरची एक प्रत काढली काय, लाख काढल्या काय, बनवणाऱ्याचा खर्च तोच. इथे मात्र तुम्ही प्रत्येक वेळी प्रश्न विचारला की कुठेतरी महागडी चिप फिरते, वीज जळते. हिशेब टोकनमध्ये होतो. टोकन म्हणजे शब्दाचा तुकडा समजा. (मराठी मजकुराला इंग्रजीपेक्षा जास्त टोकन लागतात. आमचे सगळे रिपोर्ट मराठीत. म्हणजे भाषेचाही थोडा दंड.)

गंमत अशी की टोकनचा भाव उतरतोय. मार्च २०२३ मध्ये जीपीटी-४ ला दहा लाख टोकन वाचायला द्यायचे ३० डॉलर पडायचे. जुलै २०२४ मध्ये आलेल्या छोट्या जीपीटी-४ओ मिनीचा भाव १५ सेंट. मग बिल का चढलं? कारण टूलचं काम बदललं. पूर्वी ते ओळ पुरी करून द्यायचं. आता ते 'एजंट' झालंय. तुम्ही म्हणता व्याजाच्या हिशेबातली चूक शोध. ते वीस फाइली वाचतं, कोड बदलतं, चालवून बघतं, फसतं, पुन्हा वाचतं. प्रत्येक फेरीत आधीचं सगळं बोलणं सोबत न्यावं लागतं. त्यात सगळ्यांना सगळ्यात नवं, सगळ्यात महाग मॉडेल हवं असतं. १८६५ साली जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थतज्ज्ञाने कोळशाबद्दल हेच लिहून ठेवलंय: कमी कोळशात चालणारी इंजिनं आली म्हणजे कोळसा कमी जळेल असं नाही, उलट जास्त जळेल.

आता हे पैसे रुपयांत मोजू. डॉलर नव्वदच्या आसपास धरा. २०० डॉलर म्हणजे १८,०००, वर १८ टक्के जीएसटी, झाले एकवीस हजारांच्या वर. मोठ्या आयटी कंपन्यांत नव्या मुलाला वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास देतात. म्हणजे एका टूलची महिन्याची किंमत आणि एका नव्या पोराचा हातात येणारा पगार यांत आता फार अंतर नाही. अमेरिकेतल्या प्रोग्रामरला २०० डॉलर म्हणजे काही तासांची कमाई. आमच्याकडे तोच आकडा माणसाच्या शेजारी येऊन बसतो.

आणि माझ्यासमोर खरा प्रश्न हाच होता. येत्या जूनमध्ये सिन्नरकडची एक मुलगी आमच्याकडे रुजू व्हायची आहे. तिला घ्यायचं, की दोन जुन्या लोकांना मोठी योजना देऊन भागवायचं? भागीदार म्हणाला, टूल घेऊ, टूल सुट्टी मागत नाही. मला रात्रभर झोप नाही.

टूलने काम किती वेगात होतं, हेही डोळे झाकून धरू नये. २०२५ साली एमईटीआर या संस्थेने १६ अनुभवी प्रोग्रामर घेऊन २४६ कामांवर मोजणी केली. एआय वापरल्यावर त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि त्यांना स्वतःला मात्र वाटत होतं की आपण २० टक्के वेगाने काम केलं. ते सगळे आपापल्या ओळखीच्या कोडवर काम करणारे होते, टूलही तेव्हाची होती, त्यामुळे हा आकडा सगळीकडे लावू नका. आमचा अनुभव मिश्र आहे. कंटाळवाणं काम झपाट्याने होतं. पण पतसंस्थेच्या ठेवीचं व्याज एका पैशाने चुकलं तर सेक्रेटरी मला फोन करतो, टूलला नाही.

दुसरी काळजी मुलांची. २०२५ मध्ये त्यांना यातलं बरंच फुकट मिळालं. एअरटेलच्या गिऱ्हाइकांना पर्प्लेक्सिटी, जिओवर जेमिनी, नोव्हेंबर २०२५ पासून चॅटजीपीटी गो वर्षभर फुकट. कॉलेजची पोरं यावरच प्रोजेक्ट करतात. २०१६ साली जिओचं फुकट सिमकार्ड घ्यायला रांगेत उभे राहिलेले आपणच. नंतर रिचार्जचे भाव कसे वाढत गेले तेही आपण पाहिलं. फरक इतकाच की डेटा महागला तर आपण कमी व्हिडिओ पाहू शकतो. इथे ज्याने स्वतःच्या हाताने कोड लिहायची सवयच लावून घेतली नाही, तो मीटर चालू झाल्यावर काय कमी करणार?

उपाय नाहीत असं नाही. क्वेनसारखी खुली मॉडेल आपल्याच यंत्रावर चालवता येतात. बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड लागतं आणि उत्तरं मोठ्या मॉडेलइतकी तल्लख नसतात, पण मीटर नाही. मला त्यात जीसीसीची आठवण येते. आम्ही जुन्या यंत्रात एक कार्ड बसवून किरकोळ कामं तिकडे वळवलीत. महागडं टूल ठेवलंय, पण एकच, सामायिक, खर्चाची मर्यादा बांधून. आणि काकांचा नियम परत आणलाय: टूलला काम सांगायच्या आधी काय हवंय ते कागदावर लिहायचं. धाकट्याने पहिल्या दिवशी तोंड वाकडं केलं. दुसऱ्या आठवड्यात त्याला कागदावरच चूक सापडली आणि टूलला विचारायची वेळच आली नाही.

सिन्नरच्या मुलीला मी होकार कळवलाय. भागीदार अजून माझ्याशी धड बोलत नाही. वर्षभराने तोच बरोबर ठरेल, असंही होऊ शकतं.

तुमच्यापैकी जे या धंद्यात आहेत, विशेषतः छोट्या गावांत, त्यांनी आपला हिशेब जरूर सांगा. महिन्याला किती जातात, आणि त्याच्या बदल्यात कुणाला घ्यायचं राहून गेलं?