मुकादमाच्या वहीतला गुन्हा

गुन्हेगाराच्या मनाचा ठाव घ्यायचा, असा दावा करणारी ‘क्रिमिनल माइंड्स’ ही मालिका अमेरिकेत २००५ मध्ये सुरू झाली. तिच्यातून फुटलेली ‘बियॉन्ड बॉर्डर्स’ मार्च २०१६ मध्ये आली आणि २६ भागांनंतर मे २०१७ मध्ये बंद पडली. परदेशात संकटात सापडलेल्या अमेरिकी नागरिकासाठी एफबीआयचे पथक विमानाने धावून जाते, हे तिचे सूत्र. दुसऱ्याच भागात हे पथक मुंबईत उतरते, कारण एका अमेरिकी तरुणाची किडनी चोरीला गेलेली असते. भागाचे नाव ‘हार्वेस्टेड’. बेशुद्ध करून प्रवाशाची किडनी पळवल्याची दंतकथा १९९०च्या दशकापासून जगभर फिरते आहे, आणि या भागाने तीच उचलली. निराशा इथे सुरू होते. माणसाचा अवयव त्याच्याकडून कसा काढून घेतला जातो, याचा आपल्याकडचा इतिहास खरा आहे, मोठा आहे आणि बऱ्याच अंशी कागदोपत्री नोंदलेला आहे. महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश यांच्या मागणीवरून संसदेने १९९४ मध्ये अवयव प्रत्यारोपणाचा कायदा केला, तो मुंबईसारख्या शहरांत किडनीचा व्यापार उघड चालत होता म्हणून. त्या व्यापारात कोणाला गुंगीचे औषध द्यावे लागत नव्हते. चेन्नईत किडनी विकलेल्या ३०५ जणांची पाहणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ९६ टक्के लोकांनी कर्ज फेडण्यासाठी किडनी विकली होती, आणि विकल्यानंतर त्यांचे उत्पन्न सरासरी एक तृतीयांशाने घटले होते. किडनी घेणारा हात कर्जाचा होता, आणि सही देणाऱ्याचीच होती.

याच गोष्टीचे महाराष्ट्रातले सर्वांत वेदनादायक रूप बीड जिल्ह्यात दिसते. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात, आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर या तालुक्यांत कोरडवाहू शेती कुटुंबाला वर्षभर पुरत नाही. प्रवरानगरला १९५०च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला, पाठोपाठ पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली, आणि १९७२च्या दुष्काळानंतर बीडची माणसे फार मोठ्या संख्येने ऊसतोडीला जाऊ लागली. या धंद्याची घडण नीट पाहिली पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्यातून आले. कारखान्याचा पैसा मुकादमाकडे येतो, मुकादम हंगामाआधी तो उचल म्हणून वाटतो, आणि दिवाळीच्या आसपास टोळी गाव सोडते. मजुरीचा हिशेब नवरा-बायकोचा मिळून होतो. त्या जोडीला एक कोयता म्हणतात. बाईच्या कामाची वेगळी नोंद नाही, पण तिचा खाडा झाला तर कोयता अडतो आणि दंड उचलीत चढतो. उचल फिटली नाही की पुढच्या हंगामाला पुन्हा जावेच लागते. फडाजवळच्या कोपीत ना संडास, ना न्हाणीघर, ना पुरेसे पाणी. पहाटेच्या अंधारापासून मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून वाहायच्या, गरोदरपणातही. त्यात जडलेली दुखणी अंगावर काढली जातात आणि हंगाम संपल्यावर डॉक्टरकडे नेली जातात. कर्करोगाची भीती घातली गेल्याचे अनेक बायकांनी सांगितले आहे. मग गर्भाची पिशवी काढली जाते, शस्त्रक्रियेसाठी पुन्हा कर्ज घेतले जाते, आणि ते फेडायला पुन्हा कोयता हाती येतो.

२०१९ मध्ये हा विषय देशभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसाठी जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, आणि त्यांतल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. म्हणजे सहांपैकी एकीचे. २०१५-१६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात हेच प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होते. दोन पाहण्यांची पद्धत एक नाही, हे लक्षात ठेवूनही हे अंतर भयंकर आहे.

यावर कोणी म्हणेल, ‘बियॉन्ड बॉर्डर्स’सारख्या चाळीस-पंचेचाळीस मिनिटांच्या करमणुकीकडून समाजशास्त्राची अपेक्षा कशाला? पण गुन्हेकथेला ते अशक्य नाही. मुंबई दूरदर्शनवरच्या ‘एक शून्य शून्य’ने मुंबई पोलिसांकडच्या खऱ्या प्रकरणांतूनच कथा घेतल्या. अभिनेते शिवाजी साटम तिथे तपास करताना दिसले, पुढे ते १९९८ पासून ‘सीआयडी’त घराघरांत पोचले. साधनसामग्री बेताची होती, पण गुन्हा ज्या गल्लीत घडला ती गल्ली दिग्दर्शकाला ठाऊक होती. ‘बियॉन्ड बॉर्डर्स’पाशी पैसा होता, तांत्रिक हात होते, आणि अनेक देशांत कथा नेण्याची मुभा होती. तिने प्रत्येक देशाकडून फक्त एक भीती घेतली. दूरदेशी नेलेली कथा फसण्याचे कारण अंतर नसते. ज्याच्यावर अन्याय होतो तो माणूस पाहुणाच असला पाहिजे, ही अट असते. ती अट घातली की त्या गावातला कर्जदार आपोआप संशयिताच्या रांगेत जातो. मुंबईतली किडनी विकणारी बाई त्या पथकाच्या कामाची नाही, कारण तिच्याकडे अमेरिकी पासपोर्ट नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: बीडमधल्या शस्त्रक्रिया गुन्हा ठरल्या नाहीत, संमतीपत्रे होती, काही बायकांना शस्त्रक्रियेची खरोखर गरजही असेल. हे मान्य. प्रत्येक शस्त्रक्रिया लबाडीची होती, असे पाहणीचा आकडा सिद्ध करत नाही. पण याच जिल्ह्यात कायद्याने गुन्हा ठरलेली स्त्रीभ्रूणहत्याही अशीच दवाखान्यात, कागदपत्रांच्या आड घडली होती. २०११च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांखालील हजार मुलांमागे ८०७ मुली उरल्या, राज्यात सर्वांत कमी. पुढच्याच वर्षी परळीच्या एका डॉक्टर दांपत्याचे प्रकरण उघडकीस आले आणि २०१९ मध्ये त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. तिथेही रात्रीच्या अंधारात कोणी झडप घातली नव्हती. मनाचा ठाव घेण्याचा दावा करणाऱ्या मालिकेला हाच खरा प्रदेश होता: शिकलेला माणूस आपल्या हातून होणाऱ्या हानीला उपचार म्हणू लागतो तेव्हा त्याच्या मनात काय चालते, आणि खाडा भरण्यापेक्षा पिशवी काढणे स्वस्त, हा हिशेब पस्तिशीतली बाई कोणत्या घडीला मांडते. त्या प्रश्नाला विकृत खलनायक लागत नाही, म्हणून तो विचारलाच गेला नाही.

बीडमध्ये २०१९ नंतर खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन आले. उचलीची पद्धत मात्र तशीच राहिली. मुकादम आजही हंगामाआधी वही उघडतो आणि रक्कम कोयत्याच्या नावावर मांडतो.