पनवेल पाहण्याचे तीन मार्ग

पनवेल पाहायला म्हणून पनवेलला आलेला मनुष्य मी अजून पाहिलेला नाही. लोक पनवेलला येतात ते पनवेलहून पुढे जायला. कोणी अलिबागला चाललेला असतो, कोणी चिपळूणला, कोणी पुण्याला. एस.टी. स्टँडवर उतरायचे, उभ्याउभ्या एक वडापाव खायचा, चौकशीच्या खिडकीशी थोडी हुज्जत घालायची आणि मिळेल त्या गाडीने चालते व्हायचे, इतकाच बहुतेकांचा या गावाशी संबंध. ज्या गावाची नगरपालिका १८५२ साली, म्हणजे आपल्याकडे आगगाडी धावायच्या आदल्या वर्षी, स्थापन झाली, त्या गावाच्या नशिबी 'गाडी बदलण्याचे ठिकाण' एवढीच ओळख यावी, याचे आम्हा स्थानिकांना वाईट वाटते.

मी राहतो रोडपालीला. पत्ता सांगितला की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर दोन शंका उमटतात. इंग्रजी शाळेत शिकलेल्याला वाटते, रस्त्यावर पाली असतील. मराठी शाळेत शिकलेल्याला वाटते, पाली असतील पण उपासमारीने रोडावलेल्या असतील. मग मी 'कळंबोलीला लागून' असे म्हणतो. तरीही उलगडा झाला नाही तर 'पनवेलजवळ' म्हणतो आणि पनवेल म्हटल्याबरोबर समोरच्याचा चेहरा खुलतो. "हां हां, पनवेल! तिथे आम्ही गाडी बदलतो!"

मध्यंतरी आमच्याकडे एक पाहुणे आले होते. युरोप पाहून आल्याला त्यांना दीड महिनाच झाला होता, त्यामुळे प्रकृती अजून नाजूक होती. चहा पिता पिता ते म्हणाले, "डोंगराच्या अंगावर वसलेलं ऐतिहासिक शहर तीन वेळा पाहावं. एकदा जमिनीवरून, एकदा पाण्यावरून आणि एकदा आकाशातून. लिस्बन आम्ही तसंच पाहिलं. तुमच्याकडे काय, नुसते ट्रक!" ट्रकांबद्दल वाद नव्हता. कळंबोलीचा पोलादबाजार आमच्या शेजारीच आहे आणि इथल्या मुलांना अक्षरओळख बालभारतीच्या आधी ट्रकांच्या पाठींवरूनच होते. पण बाकीचे मला झोंबले. आमच्याकडे डोंगर नाहीत? पूर्वेला माथेरान आणि प्रबळगड, उत्तरेला मलंगगड, दक्षिणेला अंगठा वर केलेला कर्नाळा, आणि पश्चिमेला खाडी. लिस्बनला तरी आणखी काय असणार? तेव्हा पनवेलही याच तीन मार्गांनी पाहायचे, असे मी ठरवून टाकले.

आधी खुष्कीचा मार्ग.

या रस्त्याने पुण्याला जाण्याचा सर्वांत गाजलेला बेत इंग्रजांचा. राघोबादादांना पेशवाईवर बसवायचे म्हणून मुंबईकर इंग्रजांची फौज १७७८ च्या नोव्हेंबरात पनवेलला उतरली. माणसे चार हजारांच्या आसपास, आणि सामान वाहायला बैल एकोणीस हजारांहून अधिक! म्हणजे माणशी पावणेपाच बैल. एवढ्या बैलांनी पनवेलकरांचा किती चारा खाल्ला असेल आणि सकाळी दाराबाहेर पाऊल टाकणे किती कठीण झाले असेल, याची इतिहासकारांनी दखल घेतलेली नाही. इतिहासकार सहसा पनवेलला उतरत नाहीत, पुढे जातात.

फौज बोरघाट चढली आणि तिथून पुढे वाहतूक मंदावली. दिवसाला धड एक मैलही पडेना. दोन्ही बाजूंनी मराठ्यांच्या टोळ्या, पुढे जाळून ओसाड केलेला मुलूख. कार्ल्याजवळ त्यांचा शूर कॅप्टन स्टुअर्ट पडला. आपल्या लोकांनी त्याला 'इष्टुर फाकडा' असे नाव दिले. शत्रूलाही लाडके नाव द्यावे, हा मोठेपणा मराठी भाषेत आहे. फौज तळेगावापर्यंत रखडत गेली. पुणे अठरा मैलांवर राहिले होते. तिथे साहेबाने विचार बदलला, जड तोफा तळ्यात ढकलल्या, रात्रीच्या अंधारात माघारीची वाट धरली आणि १७७९ च्या जानेवारीत वडगावला तह करून सुटका करून घेतली.

द्रुतगती महामार्गाचे तोंड आमच्या कळंबोलीलाच आहे. हा रस्ता २००२ साली पुरा झाला. सलग सुट्ट्या आल्या की शनिवारी सकाळी मी गॅलरीत उभा राहून त्या तोंडाशी लागलेली मोटारींची रांग पाहतो, आणि दर वेळी मला ती फौज आठवते. तेच सामान, तोच उत्साह, घाटात तीच गत. फरक इतकाच की तोफा तळ्यात टाकण्याची सोय आता राहिलेली नाही.

पुढे मुलूख इंग्रजांचा झाला. १८३० साली गव्हर्नर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत बोरघाटात चाकांच्या गाड्यांसाठी रस्ता तयार झाला आणि पनवेलची चांदी झाली. देशावरून मालाने भरलेल्या बैलगाड्या घाट उतरून पनवेल बंदरात येत, माल पडावांत चढे, मुंबईला जाई. मुंबईहून येणारा मीठ-मसाला, कापडचोपड उलट वाटेने घाट चढे. त्या काळी पनवेलचा मुख्य धंदा कोणता असेल? गाडीची चाके बनवण्याचा! देशावरचा गाडीवान पनवेलला आला की चाकांची एक जोडी घेऊनच परत जायचा. आज आपण महाबळेश्वरहून स्ट्रॉबेरी आणतो, साताऱ्याहून कंदी पेढे आणतो, तसे तेव्हाचे लोक पनवेलहून चाके आणत. घरी गेल्यावर बायकोला त्याचा कितपत आनंद होत असेल, ते सोडा. पण साऱ्या देशाला पुढे सरकण्याचे साधन पुरवायचे आणि आपण जागच्या जागी राहायचे, हा पनवेलचा स्वभाव तेव्हापासूनचा आहे.

मग १८६३ साली बोरघाटातून मुंबई-पुणे आगगाडी सुरू झाली. ती गेली कल्याण-कर्जतवरून. पनवेलला टांग मारून! बंदर ओस पडू लागले, गाड्या कमी झाल्या. खुद्द पनवेलला आगगाडी यायला त्यानंतर सुमारे शंभर वर्षे लागली. शंभर वर्षे गाडीची वाट पाहणे हे स्टँडवरच्या उतारूंना फार वाटेल, आम्हाला नाही.

आता दुसरा मार्ग, पाण्याचा.

आगगाडीपूर्वी पुण्याला निघालेला मुंबईकर आधी होडीत बसे. भरती पाहून मचवा हाकारायचा, खाडीत शिरायचे आणि पनवेलला उतरून पालखी किंवा टपालाची गाडी गाठायची. सारे वेळापत्रक चंद्राच्या हाती. मचवा ओहोटीत सापडला की साहेब असो वा शिपाई, सारे चिखलात सारखेच रुतून बसत. समतेचा एवढा सोपा धडा पुढे कुठल्या सरकारला देता आला नाही.

मीही एकदा त्या पाण्यातून पनवेल पाहायचे म्हणून बंदरावर गेलो. कोळीवाड्यातले एक ओळखीचे गृहस्थ मला होडीतून फिरवायला तयार झाले. मी ठरल्याप्रमाणे बरोबर नऊला हजर. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग खाडीकडे पाहिले आणि म्हणाले, "सायेब, तुमचे घड्यालान नव वाजलं. खारीचे घड्यालान अजून नाय वाजलं." खाडीचे नऊ दुपारी पावणेबाराला वाजले.

होडीतून पनवेल पाहिल्यावर पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही, की गावाने खाडीकडे पाठ केलेली आहे. ज्या दाराने लक्ष्मी आली तेच आता मागचे दार झाले आहे, आणि मागच्या दाराचे जे होते तेच झाले आहे. प्लॅस्टिकच्या पिशव्या, गाळ, पुलांचे खांब, दोन्ही काठांना खारफुटी. चिखलात निवट्या उड्या मारत होत्या. "पयले हितं जिताडा मिलं," असे म्हणून त्यांनी दोन्ही हात पसरून जिताड्याची लांबी दाखवली. मासा जितका जुना तितका लांब होतो, हा जगभरच्या कोळ्यांचा नियम आहे. पण जिताडा हा खाडीतला राजा, आणि आता जाळ्यात येते ते पाहिल्यावर त्या हातांमधल्या अंतरावर माझा चटकन विश्वास बसला.

आमच्या रोडपालीच्या बाजूचे पाणी तर आणखी रंगेल. तळोज्याच्या कारखान्यांतून वाट काढत कासाडी नदी येते. २०१७ च्या ऑगस्टात तळोज्यात निळ्या रंगाची कुत्री फिरताना दिसली आणि त्यांचे फोटो देशोदेशीच्या वर्तमानपत्रांत झळकले. रंगाच्या एका कारखान्याचा तो प्रताप होता. प्रदूषण मंडळाने तो बंद करायला लावला. लिस्बनला सारे काही असेल, निळे कुत्रे नसणार! हसून घेतले, पण त्याच नदीचे पाणी खाडीत जाते, त्याच खाडीत जिताडा असतो किंवा नसतो, हे कळल्यावर हसू तिथेच थांबते.

आणि आपण पाण्याकडे पाठ केली तरी पाणी आपल्याला विसरत नाही. कळंबोली ही मुळात भातखाचरांची आणि खाजणाची सखल जमीन. सिडकोने इथे डच पद्धतीचे धारण तलाव केले आहेत. भरतीला दारे बंद, ओहोटीला उघडी. २६ जुलै २००५ ला आभाळ आणि भरती एकाच वेळी आली, तेव्हा आमच्या भागातल्या लोकांनी जलमार्गाचा अनुभव घरबसल्या घेतला. त्यासाठी बंदरावर जावे लागले नाही.

राहिला तिसरा मार्ग, आकाशाचा.

आकाशातून पनवेल पाहण्याचा मान अर्थात पाखरांचा. कर्नाळ्याचे अभयारण्य त्यांच्यासाठी राखून ठेवलेले आहे. माणसाला बिनपंखांनी तो देखावा पाहायचा तर गड चढावा. हा गड शिवाजी महाराजांनी घेतला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना द्यावा लागला, १६७० साली परत मिळवला, आणि १८१८ साली इंग्रजांनी घेतला. वरून पायथ्याच्या अंगाला शिरढोण दिसते. वासुदेव बळवंत फडके यांचे गाव. १८४५ सालचा त्यांचा जन्म; आजोबा याच गडाचे किल्लेदार. रोज उठून दाराबाहेर पाहावे तर आजोबांचा गेलेला गड समोर उभा! अशा अंगणात वाढलेला मुलगा पुढे सरकारी कारकुनीत रमला नाही, यात नवल ते काय? इंग्रजांनी त्यांना समुद्रापलीकडे एडनला नेले आणि १८८३ साली तिथेच त्यांचा अंत झाला. पनवेलहून पुढे गेलेल्यांपैकी ते एक, जे परत आले नाहीत.

आता पाखरांच्या जोडीला विमाने आली आहेत. नवी मुंबईचा विमानतळ ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन होऊन २५ डिसेंबरपासून वाहता झाला. त्यासाठी उलव्याचा नव्वदेक मीटर उंचीचा डोंगर कापून सपाट केला, उलवे नदीला दुसऱ्या वाटेने वळवले आणि दहा गावे उठवली. कोंबडभुजे, तरघर, वाघिवली, कोल्ही, कोपर, चिंचपाडा... नावे मोठ्याने वाचली तरी अंगण सारवल्याचा वास येतो.

मी त्या विमानतळावरून उडालो आणि तिथेच उतरलो. खिडकीची जागा मिळाली, पण खिडकीबाहेर विमानाचा पंखच जास्त होता. तरी एका वळणाला पंख खाली गेला आणि सारे पनवेल ताटात वाढल्यासारखे समोर आले. चांदीच्या तारेसारखी खाडी, हिरवी खारफुटी, कर्नाळ्याचा अंगठा, काड्यापेट्यांसारख्या इमारती, मुंग्यांसारखे ट्रक. घाण दिसत नाही, वास येत नाही, गोंगाट नाही. आकाशातून पाहिले तर पनवेल लिस्बनच्या तोंडात मारेल!

पण मी शोधत होतो ती एक जागा. रोडपाली गावात एक म्हाताऱ्या आजी आहेत. पेट्रोलपंपावरून जाताना त्या दर वेळी नातवाला सांगतात, "हितं आपली दोन खंडीची जमीन व्हती." सिडकोसाठी गेलेल्या या जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली १९८४ च्या जानेवारीत इथला शेतकरी उभा राहिला, गोळीबारात पाच जण गेले, तेव्हा कुठे पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे धोरण आले. आजींच्या घरात त्या साडेबारा टक्क्यांतून तीन मजले चढले, मुलगा मोटारीतून फिरतो. तक्रार अशी नाही. तरी पंपापाशी पोचल्या की त्या चार पावले हळू चालतात, बांधावरून चालल्यासारख्या. आकाशातून मला पंप सापडला; बांध काही दिसला नाही. तो पाहायचा तर आजींच्या मागून, त्यांच्याच चालीने पायी गेले पाहिजे.

एवढ्यात हवाईसुंदरीने गोड आवाजात जाहीर केले की आपण नवी मुंबईत उतरत आहोत. पनवेलचे नाव नाहीच! जमीन पनवेल तालुक्याची, डोंगर तिथला, नदी तिथली. नाव तेवढे पुढच्या गावाचे. मी शेजारच्या प्रवाशाला हे सारे समजावून सांगण्याच्या बेतात होतो. १७७८ पासून सुरुवात करणार होतो. पण चाके टेकल्याबरोबर त्यानेच पट्टा सोडत विचारले, "काका, इथून चिपळूणला कसं जायचं हो?"

मी म्हटले, "पनवेलला जा. तिथं गाडी बदला."