गोधडी : सातबाऱ्याबाहेरचा इतिहास

१/ ताम्रपट आणि दफ्तरे हीच काही इतिहासाची साधने नव्हेत. घरातली जुनी गोधडीही एक साधन आहे.

२/ शरद ऋतूत पाऊस ओसरतो, ऊन तापते. धुतलेली जुनी लुगडी, धोतरे खडखडीत वाळतात. त्यांचे थर अंथरून, चारही कडांपासून आत धावदोरा घालत गोधडी शिवली जाते. थंडीपूर्वी ती तयार हवी.

३/ उरणजवळच्या आजच्या द्रोणागिरी परिसरात हाच काळ भातकापणीचा. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी शेतजमिनी संपादित झाल्या. न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा उभा राहिला. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी पोलीस गोळीबारात पाच आंदोलक हुतात्मा झाले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांचे धोरण आले.

४/ हा इतिहास शासननिर्णयांत सापडतो. सातबाऱ्यावर मात्र बहुधा पुरुषांचीच नावे. त्याच शेतात राबलेल्या आजीचे लुगडे टिकते ते गोधडीत.

५/ म्हणून जुनी गोधडी टाकण्यापूर्वी वडीलधाऱ्यांना विचारावे : कोणता तुकडा कोणाचा? उत्तरे लिहून ठेवावीत.